गॅरेजातलं बारसं आणि छपरावरचं धुराडं

माझ्याइतकी सावध बाई उत्तरेकडच्या आमच्या अख्ख्या बर्फाळ काइनू भागात सापडायची नाही! हे मी नाही, माझा नवराच म्हणतो. फक्त म्हणताना तो कपाळाला हात लावतो. रसायनशास्त्र शिकलेय मी. बाळाच्या दुधाचं तापमान मी दोन थर्मामीटरांनी घेते. एक चुकला तर?

म्हणूनच सासूबाई फोनवर म्हणाल्या, "साइला, बारशाला चर्चचा हॉल घ्या गं, सगळी सोय असते," तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं, "काही गरज नाही, आई. बारसं घरीच होईल. आणि असं होईल, की लोक आठवण काढतील!"

काढतात. अजूनही काढतात.

त्यानंतर आठच दिवसांत आमच्या दिवाणखान्याखालचा पाण्याचा पाइप फुटला. माणसं आली, जमीन उखडली, भोकात वाळवणीची यंत्रं लावली आणि "आता वसंतात भेटू" म्हणून गेली. चर्चचा हॉल तोवर दुसऱ्याच कुणी पटकावलेला. बारसं आधीच दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा बाळाला सर्दी झाली म्हणून, आणि एकदा सर्दी होईल असं मला वाटलं म्हणून. मुलाचं नाव तीन महिन्यांच्या आत नोंदवावं लागतं, आणि बारशापर्यंत ते सख्ख्या आजीलाही सांगायचं नसतं. म्हणजे हा शनिवार हुकला, की आमची पोर सरकारदरबारी बिननावाची! सासूबाईंच्या दरबारात माझी काय गत झाली असती, ते तर बोलायलाच नको.

"गॅरेज!" तुओमो म्हणाला. तुओमो म्हणजे माझा नवरा. त्याला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर गॅरेज असतं.

"अरे, बाहेर उणे अठरा आहे! गॅरेजात मुलीच्या डोक्यावर पाणी घातलं तर खाली गारा पडतील!"

"डिझेलचा हीटर लावू. ट्रकवाले रात्री केबिनमध्ये लावतात ना, तो. चांगल्या कंपनीचा घ्यायचा तर ट्रकच विकावा लागेल, पण चिनी मिळतो. अगदी स्वस्त!"

हीटर आला. बुटाच्या खोक्याएवढा जीव, आणि सोबत एक पत्रक. ते कुठल्या तरी यंत्राकडून आमच्या भाषेत करून घेतलेलं असावं. पहिलंच वाक्य होतं, 'आनंदाने उबदार व्हा, धूर पिऊ नका.' मी ते तीनदा वाचलं आणि लगेच अटी घातल्या.

पहिली अट: धुराची नळी भिंतीतून बाहेर काढायची आणि थेट छपराच्या वर न्यायची. कारण गॅरेजच्या आडोशाला दुपारी बाळ बाबागाडीत झोपतं. (बाहेरच, अर्थात. घरात कुठे झोप लागते लहान मुलांना?) सध्या मात्र थंडी माझ्या हद्दीच्या खाली गेली होती. उणे दहाच्या पुढे मी पोरीला बाहेर ठेवत नाही. त्यामुळे आठवडाभर ती घरात होती, झोपत नव्हती, आणि किंचाळत होती. आम्हीही झोपत नव्हतो. किंचाळत मात्र फक्त मीच होते.

दुसरी अट: डिझेलची टाकी बाहेरच्या भिंतीवर. आत स्फोट झाला तर?

"डिझेलचा असा स्फोट होत नाही, साइला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. लग्नाआधी."

टाकी बाहेर लागली. शिवाय मी विषारी वायू ओळखणारी चार यंत्रं चार भिंतींना टांगली. बसायला शाळेकडून लाकडी बाकं मागून आणली. बाप्तिस्म्याचं पाणी कोमट राहावं म्हणून एक तांब्याची बादली आणि लाकडी ओगराळं हीटरशेजारी ठेवलं. भिंतीवर थर्मामीटर हवाच! गावातल्या दुकानात एकच शिल्लक होता, एकशे वीस डिग्रीपर्यंत आकडे असलेला. चालतंय की, म्हटलं. आणि खिडकीला आतून चादर लावली. गॅरेजात बारसं करतायत हे शेजाऱ्यांना कशाला कळायला हवं?

शेजारी म्हणजे म्हातारा-म्हातारी कार्प्पिनेन. हे आडनाव टपालपेटीवर लिहिलंय म्हणून ठाऊक. तीन वर्षांत आम्ही बर्फ उपसता उपसता एकमेकांना मान हलवत आलो होतो. आमच्याकडे याला जिव्हाळ्याचे संबंध म्हणतात. तुओमो छपरावर नळी बसवत होता, तेव्हा म्हातारा कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत राहिला.

"धुराडं," तो म्हणाला.

"हो," तुओमो म्हणाला.

"छान," म्हणून तो गेला. तीन वर्षांतला आमचा सगळ्यात लांबलचक संवाद!

शनिवार उजाडला. दुपारी गॅरेजात बावीस डिग्री! मी थर्मामीटरकडे अशी बघत होते, जणू तो आकडा मीच जन्माला घातलाय. सासूबाई काळ्या पोशाखात आल्या, गॅरेजभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हं." सासूबाईंचं 'हं' म्हणजे चार पानी पत्र असतं. सासरचे चार नातेवाईक बाकांवर ओळीनं बसले. पाद्री नवखा, बदलीवर आलेला एक तरुण होता. बाळ माझ्या खांद्यावर टाहो फोडत होतं. कमी होती ती फक्त धर्ममाता आणि धर्मपित्याची, म्हणजे माझी बहीण आणि तिच्या नवऱ्याची. ते ओउलूहून निघणार होते, पण त्यांची गाडी थंडीनं गारठून बसली होती.

"येतीलच," मी म्हणाले.

तेवढ्यात वाजलं. पीप! पीप! पीप!

"वायू!" मी ओरडले. "सगळे बाहेर! आधी म्हाताऱ्या! हीटर बंद करा! दारं उघडा!"

काय पळापळ झाली म्हणून सांगू! बाकं आडवी झाली, पाद्री झग्यासकट बर्फात गुडघाभर रुतला. सासूबाई पातळ बुटांनी बर्फात उभ्या राहून म्हणाल्या, "चर्चच्या हॉलला नुसतं दार असतं. उघडलं, की माणूस आत जातो." तुओमो नाकाला रुमाल बांधून एकेका यंत्राला कान लावत फिरला. चारही गप्प! तरी पीप, पीप चालूच. तो आत गेला की आवाज दूर जायचा, माझ्याजवळ आला की मोठा व्हायचा. शेवटी त्यानं माझ्या ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ बाहेर काढलं. पाव भट्टीतून काढायची वेळ झाली होती.

आमच्याकडे अशा वेळी कुणी काही बोलत नाही, आणि तेच फार लागतं.

आता हीटर पुन्हा लावायचा, तर तो पेटेना! सासऱ्यांच्या गोठ्यातून आणलेलं उन्हाळी डिझेल बाहेरच्या टाकीत तुपासारखं थिजलेलं. आतून ऊब मिळत होती तोवर हीटर कसाबसा ओढत होता, आता ठप्प. तुओमोनं टाकी उचलून थेट माझ्या स्वयंपाकघरात आणली आणि कॉफीच्या शेजारी ठेवून केस वाळवायच्या यंत्रानं तिला वारा घालत बसला.

"या पावात वेलदोडा जरा वेगळाच लागतोय," नंतर सासूबाई म्हणाल्या. मी विषय बदलला.

शेवटी हीटर पेटला! आणि पेटला तो असा, की छपरावरच्या नळीतून पांढऱ्या धुराचा हा मोठा लोट आभाळात गेला. बाहेर एव्हाना अंधार पडला होता. गल्लीतल्या दिव्यांच्या उजेडात आमचं गॅरेज गावात नवी गिरणी निघाल्यासारखं दिसत होतं.

आत जेमतेम दहा डिग्री. पाद्र्यानं घड्याळ पाहिलं. "मला पुढच्या गावी जायचंय. धर्ममाता-धर्मपिता नसतील, तर बाप्तिस्मा देता यायचा नाही."

माझा फोन वाजला. बहीण. "अगं, गाडी ओढून न्यायला आलेत. आमची नका वाट बघू!"

मी फोन ठेवला. पोर रडत होती, तिचं नाव माझ्या पोटात अडकलं होतं, सासूबाईंचं दुसरं 'हं' ओठांवर आलं होतं. आणि गॅरेजचं दार उघडलं.

वाफेचा ढग आत आला. ढगातून कार्प्पिनेन म्हातारा-म्हातारी आली. दोघंही आंघोळीच्या झग्यात! पायात लोकरी बूट, डोक्यावर लोकरी टोप्या. म्हाताऱ्याच्या हातात भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी, म्हातारीच्या हातात सॉसेजचं वेटोळं. आत बसलेले काळे कोट पाहून दोघं दारातच थबकली. दार तसंच उघडं राहिलं.

मी तुओमोकडे बघितलं. तुओमोनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, यानं बोलावलंय. त्याला वाटलं, हिनं बोलावलंय.

"आलात!" पाद्र्याचा जीव भांड्यात पडला. "या, या, पुढे या. तुमचीच वाट बघत होतो."

"आमची?" म्हातारा म्हणाला.

"दोघंही चर्चचे सभासद आहात ना?"

म्हाताऱ्यानं म्हातारीकडे पाहिलं. "आहोत. पण... आता हेही विचारतात?"

"विचारावंच लागतं."

"शिकलेल्यांचं घर आहे हो," म्हातारी त्याच्या कानात पुटपुटली. "असेल त्यांच्यात पद्धत."

पाद्र्यानं माझ्या खांद्यावरून बाळ उचललं आणि म्हाताऱ्याच्या हातात दिलं. मी तोंड उघडलं! देवाशपथ उघडलं. झग्यातला माणूस, हात धुतले असतील का, टोपीची लोकर नाकात गेली तर? पण तेवढ्यात उघड्या दारातून थंड हवेचा झोत आला. पोरीनं एक लांब श्वास घेतला, म्हाताऱ्याच्या झग्यात नाक खुपसलं, आणि झोपली. आठवडाभरानंतर पहिल्यांदा! मी तोंड मिटलं. त्या क्षणी त्याच्या हातातली जुडी काढून घ्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.

"या बाळाला वाढवताना साथ द्याल?" पाद्र्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं बाकांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, थर्मामीटरकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेजारीच राहतो."

पाद्र्याला ते पुरलं. "बाळाचं नाव?"

तुओमो घसा खाकरून म्हणाला, "केर्त्तू."

म्हातारीच्या हातातून सॉसेज खाली पडलं. "माझं नाव?" ती म्हणाली. "अगं पोरी, तिला माझं नाव?" आणि झग्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागली.

आता मला काय माहीत तिचं नाव केर्त्तू आहे! टपालपेटीवर नुसतं आडनाव! आम्ही आपलं जुन्या वळणाचं, गोड म्हणून ठेवलेलं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं, पण आवाज आलाच. "अच्छा. धर्ममातेचं. बरोबरच आहे. राइली काय, कुणीही ठेवतं." राइली म्हणजे सासूबाई.

पाणी झालं, प्रार्थना झाली. म्हाताऱ्यानं बाळ अलगद माझ्याकडे दिलं आणि तुओमोला हळूच विचारलं, "आता?"

"आता... हो, आता," तुओमो म्हणाला. कशाबद्दल विचारलंय हे त्याला कळलं नव्हतं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

म्हाताऱ्यानं बादलीतलं ओगराळं भरलं आणि हीटरवर ओतलं.

फस्स! चर्र! फट्! हीटरनं एक उचकी दिली आणि प्राण सोडला. माझ्या चार यंत्रांपैकी एकही वाजलं नाही.

म्हातारा वाकून बघत राहिला. "दगड कुठायत?" तो म्हणाला. "सॉनाच्या भट्टीत दगडच नाहीत तुमच्या!"

आता सगळ्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सॉना म्हणजे आमची वाफेच्या आंघोळीची खोली: बाकांवर बसायचं, भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढायची आणि भूर्जाच्या डहाळ्यांनी अंग झोडायचं. धुराडं, बाकं, बादली, ओगराळं, झाकलेली खिडकी, एकशे वीस डिग्रीचा थर्मामीटर, आणि शनिवारी संध्याकाळी छपरावर धूर! या गल्लीत नव्या सॉनाच्या पहिल्या वाफेला शेजाऱ्यांनी जायचंच असतं, बोलावणं लागत नाही. आमच्याच बाजूनं काही कळेना, म्हणून बिचारे धूर दिसायची वाट बघत बसले होते.

"माफ करा," तुओमो लालबुंद होऊन म्हणाला. "तुम्हाला उगाच धर्मपिता केलं."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. "मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, धर्मपिता होशील का म्हणून."

"आम्हीही नाही विचारलं!"

"ते खरं," म्हातारा म्हणाला. "पण झालो."

गॅरेज पुन्हा गारठायला लागलं होतं. मोठी केर्त्तू म्हणाली, "चला आमच्याकडे. तुमचं पहिलंच तापवणं, न जमलं तर असावं म्हणून आमचाही सॉना तापवून ठेवलाय." मग बारशाची कॉफी त्यांच्या सॉनाबाहेरच्या खोलीत झाली. पाद्री पुढच्या गावी उशिरा पोचला, पण स्वच्छ आणि गुलाबी होऊन. सासूबाई तर दोनदा वाफ घेऊन आल्या. बाहेर आल्यावर टमाट्यासारख्या चेहऱ्यानं मला म्हणाल्या, "चर्चच्या हॉलमध्ये हे नसतं." तेही 'हं'शिवाय!

धर्मपित्यानं बाळाला चांदीचा चमचा द्यायची पद्धत आहे. आमच्या केर्त्तूच्या धर्मपित्यानं हातगाडीवरून सॉनाची भट्टी ओढत आणली, दगडांसकट. "धुराडं तेवढं बदलावं लागेल," म्हणाला, आणि दोन दिवस खपून तेही बदलून दिलं. आता ती आमच्या गॅरेजात आहे. दर शनिवारी चौघं तिथे बाकांवर बसतो. गाडी बाहेर बर्फात, बाळ बाहेर बाबागाडीत, दोघंही गाढ झोपलेली. आत मी. नव्वद डिग्रीत, भिंतीला चार यंत्रं टांगून, झग्याच्या खिशात घड्याळ लावून.

परवा ते वाजलं. कुणीही हललं नाही.