डाबरे सरांची पेटी

"आठ दिवस! फक्त आठ दिवस दे मला, इझाबेल. अख्खं खानदान एका पेटीत घालून दाखवतो!"

सिप्रियन डाबरे सरांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या हातात माशाचं डोकं होतं आणि समोर बायको होती. बायकोने वर पाहिलंसुद्धा नाही. "आधी काटा काढा," ती म्हणाली.

भुईगावात सरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नाही. समोरचा माणूस 'मोबाईल' म्हणाला की सर 'भ्रमणध्वनी' म्हणायचे आणि समोरचा माणूस पळून जायचा!

या घोषणेमागे एक जखम होती. गेल्या वर्षी मुलगी ॲनिशा कॅनडाहून आली होती. तिचा वर्षाचा मुलगा जेसन आठ-दहा पावलं धरून धरून टाकायचा, आणि एका सकाळी ओटीवर हात सोडून चालला! पहिलीच चार पावलं! इझाबेलने ती फोनमध्ये टिपली. पुढे पावसाळ्यात फोन 'जागा संपली, जागा संपली' म्हणून रडायला लागला. सरांनी 'मी साफ करून देतो' म्हणत तो हातात घेतला आणि असा साफ केला, असा साफ केला, की आत नुसतं घड्याळ आणि बॅटरी उरली. जेसनची पावलं गेली ती गेलीच.

इझाबेल भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं! ती फक्त एवढंच म्हणाली, "असू दे." आणि तेव्हापासून तिचा फोन सरांच्या हाती लागला नव्हता.

म्हणून सरांनी निश्चय केला होता. यापुढे घरातला एकही फोटो हरवायचा नाही. घरात वायफायला जोडून ठेवायची एक साठवणीची वस्तू मिळते, सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ तिच्यात राहतात आणि टीव्हीवर, फोनवर, थेट कॅनडातसुद्धा दिसतात, हे त्यांना कळलं होतं. शंभर पानी वही आणून त्यांनी तक्ता आखला. चार खणांची, दोन खणांची, एक खणाची. पंख्याची, बिनपंख्याची. आठ दिवसांत वही भरली आणि सरांचं डोकं रिकामं झालं! मात्र एक काम त्यांनी चोख केलं होतं. त्या वस्तूला मराठी नाव दिलं होतं: 'जाळेबद्ध साठवण-पेटी'.

शेवटी गुरुवारी सकाळी बाजूच्या अंगणात उभं राहून त्यांनी विरारच्या परेशला फोन लावला. परेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि एकेकाळी सरांनी त्याला व्याकरणात नापास केलं होतं. फोनवर सर नेहमी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत.

"परेश, मला पेटी हवी! साधीच दे, कोरीवकाम नको... हो, माझं ठरलंय... टीबी? मला सध्या दोन टीबी आहे. तू म्हणतोस तसं दोन वर्षांत चार टीबी होणारच! ... काय? आतून घरघर येते? चालेल रे, आतून आवाज येतो म्हणजे सगळं ठीक चाललंय... आणि ॲनिशाला यायला जमणार नाही. तिला कॅनडातून उघडून बघता येईल ना? ... मग उत्तम! रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर घेऊन ये!"

कुंपणापलीकडच्या आपल्या वाडीत नॅन्सी कढीपत्ता तोडत होती. तिच्या हातातली डहाळी तिथेच गळून पडली. ती घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली, कारण वाटेत तिला तीन घरं लागली! सरांना टीबी झालाय. एक नाही, दोन! मुलीला यायला जमत नाही. आणि बिचाऱ्याने स्वतःची मरणाची पेटी स्वतःच सांगून ठेवलीय!

त्यात संध्याकाळी इझाबेलने नातेवाइकांच्या ग्रुपवर सरळ मनाने लिहिलं: 'सरांना सगळ्यांचे जुने फोटो बघायचे आहेत. रविवारी घेऊन या. पेटी त्याच दिवशी येणार.'

ग्रुपवर अकरा जणांनी हात जोडले.

रविवारी मिसा सुटल्यावर सर ओटीवर आरामखुर्चीत बसले आणि माणसं येऊ लागली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क! 'सर्दीची साथ दिसते,' असं सरांना वाटलं. नॅन्सीने कोंबडीच्या सूपचा डबा लांबूनच पायरीवर ठेवला आणि तीन पावलं मागे सरकली.

"सर, गरम आहे तोवर घ्या. अंगात ताकद पाहिजे."

"ताकद तर लागणारच, नॅन्सी! आज दिवसभर पेटी भरायचीय!"

नॅन्सीने ओढणी डोळ्याला लावली.

मग सरांचे थोरले भाऊ वॉल्टर आले. स्वतःच्या वाडीतला पडलेला आंबादेखील मोजून उचलणारा माणूस! ते आल्या आल्या म्हणाले, "सिप्रियन, कुंपणाजवळचे दोन माड आजपासून तुझे."

"अरे वा! पण मला कशाला, दादा?"

"आता नाही म्हणू नकोस," वॉल्टर म्हणाले. "लहानपणी तुझा भोवरा मीच विहिरीत टाकला होता."

सर गोंधळले, पण खूश झाले. फोटो गोळा करायच्या कल्पनेने माणसं इतकी हळवी होतील हे वहीतल्या तक्त्यात कुठेच नव्हतं! तेवढ्यात फादर आले. त्यांच्या हातात आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी होती. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सिप्रियन, मनात भीती नाही ना?"

"आधी होती, फादर. पण परेश म्हणाला, अर्ध्या तासात सगळं आटपतं. नंतर आपल्याला काही करावंच लागत नाही."

"आणि इझाबेलचं काय?"

"तिचीही सोय केलीय! दोन खण घेतलेत. एक गेला तरी दुसरा लगेच त्याची जागा घेतो. कुणाला कळतसुद्धा नाही!"

फादरांनी डोळे मिटून घेतले.

एवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. हेल्मेट काढत परेश ओरडला, "सर, पेटी आणलीय! कुठे ठेवू?"

नॅन्सीने जो हंबरडा फोडला, त्याने माडावरचे कावळे उडाले. वॉल्टर पायऱ्या उतरून परेशवर धावले. "माणूस अजून खुर्चीत बसलाय आणि तू पेटी घेऊन दारात? लाज नाही वाटत?"

"काका, सरांनीच आज बोलावलं!" परेश घाबरून म्हणाला आणि त्याने पिशवीतून पावाच्या लादीएवढा एक काळा डबा बाहेर काढला.

 वॉल्टरनी डबा पाहिला, मग सहा फुटी भाऊ पाहिला.

"हा मावणार कसा यात?"

"मावेल की!" सर म्हणाले. "जाळेबद्ध आहे ती!"

"जाळ...!" नॅन्सी किंचाळली. "म्हणजे सरांना जाळणार?"

आता इझाबेल स्वयंपाकघरातून बाहेर आली. एका बाजूला सूप, दुसऱ्या बाजूला तेलाची कुपी आणि मधे मास्क लावलेली रडकी माणसं! तिने हळूहळू एकेकाला विचारलं. नॅन्सीने टीबी सांगितला. परेशने टेराबाइट हे साठवणीचं माप सांगितलं. आणि इझाबेल मटकन खाली बसून अशी हसली, अशी हसली, की फादरांना वाटलं, तेल आता हिलाच लावावं लागणार!

सर मात्र लालबुंद झाले होते. "बत्तीस वर्षं मी या गावाला भाषा शिकवली!" ते गरजले. पुढचं बोलणार तोच त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे गेलं. कुणी जुने अल्बम उराशी धरून उभं होतं, कुणी पेनड्राइव्ह, कुणी लग्नाच्या सीड्या. आपण चाललो असं वाटून एवढी माणसं कामधंदा सोडून आली होती. सरांचा राग घशातच विरघळला.

"सूप आण गं," ते एवढंच म्हणाले. "सगळ्यांना वाढ."

परेशने पेटी राउटरला जोडली, टीव्ही लावला. सगळ्यात आधी नॅन्सी पुढे आली, खाली मान घालून. "सर, माझा फोन घ्या. त्यात काही खास नाही. केळीबिळीच आहेत."

खरंच केळी होती! बहिणीला दाखवायला तिने आपल्या वाडीतल्या केळीच्या भल्यामोठ्या घडाचा व्हिडिओ काढला होता. टीव्हीभर घड आणि नॅन्सीचा आवाज: "बघ, कसा लागलाय!" आणि घडाच्या मागे, कुंपणापलीकडे, डाबऱ्यांची ओटी. ओटीवर एक छोटंसं पोर. पोराने खांब सोडला. एक पाऊल. दोन. तीन. चार. आणि धपकन बसलं!

 इझाबेल टीव्हीपाशी गेली आणि काचेवर, केळीच्या बाजूला, बोट ठेवून उभी राहिली.

"परत लावा," ती म्हणाली.

तो व्हिडिओ चौदा वेळा लावला गेला. मग तिने कमरेच्या पाकिटातून आपला फोन काढला आणि सरांच्या हातात दिला. "माझेपण टाका यात."

संध्याकाळपर्यंत पेटीत साडेनऊ हजार फोटो गेले. परेश निघता निघता म्हणाला, "सर, ही चेहरे ओळखते. कुटुंबात कुणाचे फोटो जास्त, तेपण सांगते."

सगळे सरसावून बसले. इझाबेल चारशे बारा. जेसन सहाशे तीन. वॉल्टर एकोणीस. आणि सर्वांत वर, तब्बल दोन हजार तीनशे फोटोंसह, काळा गॉगल लावून हात जोडलेले एक पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले गृहस्थ! प्रत्येक सणाला सगळ्यांच्या फोनवर शुभेच्छा धाडणारे आपल्या वॉर्डातले पुढारी! खाली पेटीने नम्रपणे विचारलं होतं: 'हे आपले कोण?'

"दिवाळी, ईद, नाताळ, एकही सण चुकवला नाही त्यांनी," इझाबेल म्हणाली. "लिहा, थोरले दीर!"

खऱ्या थोरल्या दिरांनी हातातली सुपाची वाटी खाली ठेवली. शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि टीव्हीसमोर जाऊन नमस्काराच्या पवित्र्यात ताठ उभे राहिले.

"काढ रे परेश माझा एक," वॉल्टर म्हणाले. "बघतोच आता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता सरांच्या भ्रमणध्वनीवर गुलाबाच्या चौकटीतला पहिला वॉल्टर येऊन थडकला.