वळणावरची शिकवणी

"बाबा, आज कुणालाही काहीही शिकवायचं नाही," ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना लेकीने टेकडीच्या पायथ्याशीच बजावलं. "त्याची आई तुम्हाला पहिल्यांदाच भेटणारे. मागच्यासारखं नको."

मास्तरांनी मान डोलावली. मागचं स्थळ त्यांनीच घालवलं होतं. पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांना त्यांनी फाटकापाशी पाच वेळा गाडी मागेपुढे करायला लावली होती. सहाव्या वेळी गाडी जी मागे गेली, ती परत आलीच नाही.

सव्वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरायची त्यांना सवय झाली होती. न्हाव्याच्या खुर्चीतही त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा.

लेक आणि तिने पसंत केलेला मुलगा भराभर पुढे गेले. मुलाची आई आपली आपण येणार होती. नऊ वाजता सगळ्यांनी माथ्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटायचं ठरलं होतं. मास्तरीणबाईंनी नवऱ्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी कोंबली. "गोळी आहे तोवर तोंड उघडायचं नाही. आणि हात खिशात."

चढ अगदी सोपा होता. म्हाताऱ्यांनी गप्पा मारत चढावा असा. पण झाडीतून जाणारी ती वाट पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची, दोघांचीही होती, हे खालच्या पाटीवर वाचल्यापासून मास्तर सारखे मागेपुढे बघत होते. वरून सायकली सुसाट यायच्या. खालून चढणाऱ्या सायकली आवाज न करता मागे येऊन उभ्या राहायच्या. एकजण तर हात सोडून गेला. मास्तरांचा उजवा पाय मातीत रुतला.

"गोळी चघळा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी ती केव्हाच गिळली होती.

पुढे एक आंधळं वळण आलं. वरून सायकल येत असल्याची खडखड ऐकू आली आणि मागून तीन सायकली चढत होत्या. मास्तरांचा हात खिशातून आपोआप बाहेर आला आणि कमरेपाशी आडवा झाला. वरची सायकल बिनबोभाट निघून गेली. खालच्या तिघांपैकी दोघे थांबले. तिसरी, हेल्मेट आणि काळा चष्मा घातलेली एक बाई, सावकाश कलंडत झुडपात जाऊन बसली.

"लागलं नाही ना?" मास्तरीणबाई धावल्या.

"नाही."

एवढ्यावर भागलं असतं. पण मास्तरांच्या सहनशक्तीचा बांध फुटला. "चढावर कचकन ब्रेक दाबतात का? आणि पाय टेकायचा कधी, पडल्यावर? जा, त्या खालच्या दगडापासून परत चढून या."

"अहो," मास्तरीणबाईंनी बाही ओढली.

बाई मास्तरांच्या मातीत ब्रेक दाबणाऱ्या पायाकडे बघत राहिली, मग निमूटपणे दगडापर्यंत गेली आणि परत आली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

असं तीनदा झालं. "आता जमलं," असं मास्तरांनी म्हटल्यावरच तिला वर जायला मिळालं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. उरलेला चढ ते धापा टाकत, वाटेत कुणी दिसलं की झाडाकडे तोंड करत चढले.

टपरीवर लेक उभी होती. शेजारी मुलगा. आणि बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन, केसांतला पाला काढत बसलेली ती बाई.

"बाबा, या त्याच्या आई. शाळेत मुख्याध्यापिका आहेत."

मास्तरांचा हात पुन्हा खिशात गेला. लेकीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या केसांतल्या पाल्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

"मी... म्हणजे माझं जरा चुकलंच," मास्तर कसेबसे म्हणाले. "पोरीचा यात काही दोष नाही."

बाईंनी चहाचा कप मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या हाताकडे, आणि पुन्हा मुलाकडे.

"आई, तू कबूल केलंयस," मुलगा हळूच म्हणाला. "आज कुणाला सुधारायचं नाही."

"मघापासून गप्प आहे मी," बाई म्हणाल्या आणि मास्तरांकडे वळल्या. "लेकीने तुमच्या ब्रेकवाल्या पायाबद्दल सांगितलं होतं, तो पाहिला तेव्हाच ओळखलं तुम्हाला. शिकवलंत चांगलं. पण थांबायची खूण करताना हात कमरेशी ठेवतात? मागच्याला दिसणार कसा? खांद्याच्या वर हवा. करून दाखवा."

मास्तरांनी हात वर केला.

"कोपर वाकलंय. पुन्हा."

मास्तरांनी कप बाकावर ठेवला आणि मुकाट्याने पुन्हा हात वर केला. उजवा पाय सकाळपासून पहिल्यांदाच स्वस्थ होता.