‘जसं होतं तसं’ विभाग

बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना दर रविवारी नऊ ते अकरा भरायची. हॉल उसना. शाळेची अट एकच, आणि ती वॉचमन नागनाथअण्णाने पहिल्याच दिवशी सांगून टाकली. "जसं होतं तसं ठेवून जायचं. सरी?"

"सरी," सेक्रेटरी सुलभाताई म्हणाल्या आणि त्यांनी जागच्या जागी एक विभाग स्थापन केला. मंडळीत सेवा सहकुटुंब करायची पद्धत. खुर्च्या एका घराकडे, चहा दुसऱ्याकडे. ‘जसं होतं तसं’ विभाग मकरंद, शलाका आणि त्यांची लेक संहिता यांच्याकडे आला, कारण हे तिघं त्या मीटिंगला नव्हते.

काम चोख सुरू झालं. सकाळी सातला शलाका हॉलचे फोटो काढायची. मग झाडलोट. उपासना संपली की मकरंद फोटो बघून सगळं पूर्ववत करायचा. फळ्यावरचं अर्धवट पुसलेलं गणित, खिडकीतला फुटका कप, बाकाखालचा चॉकलेटचा कागद. तिसऱ्या रविवारी स्टेजच्या पायरीवर एक मेलेलं झुरळ निघालं. उताणं.

"ताई, हे पण?"

"अट म्हणजे अट, मकरंद. आज झुरळ सोडलंत, उद्या हॉल सुटेल."

उपासनेपुरतं ते ठेवायला शलाकाने आपल्या कानातल्यांची डबी दिली. वर चिठ्ठी: ‘झुरळ, नग एक, मिशा पूर्वेकडे.’ मग धुळीचा प्रश्न आला. झाडलेली धूळ कोपऱ्यानुसार पुड्यांत बांधून, नंतर पिठाच्या चाळणीने परत पसरायची असं ठरलं. वेळ पुरेना. आवराआवर साडेदहाला सुरू व्हायला लागली, मग दहाला, प्रवचन चालू असताना. धूळ उडाली की पाळकसाहेब शिंकायचे आणि मंडळी मनोभावे ‘आमेन’ म्हणायची.

सहा महिन्यांत मकरंद खुर्चीला टेकला नव्हता.

अशात संहिताला एकटीने गीत म्हणायची पहिली संधी मिळाली. "बाबा, तू पहिल्या रांगेत बसायचंस. बसून ऐकायचंस. शप्पथ?"

"शप्पथ."

दहा वाजून पाच मिनिटांनी, टेकायच्या आधी सवयीने, त्याने डबी उघडली. रिकामी!

मिनिटभरात बातमी खुर्च्याखुर्च्यांतून फिरली. हॉल जाणार! चाळीस कुटुंबं गुडघ्यावर आली आणि खुर्च्यांखाली शोधायला लागली. प्रार्थना आटोपून पाळकसाहेबांनी डोळे उघडले, तर अख्खी मंडळी गुडघ्यावर. त्यांना भरून आलं. संहिताने गीत सुरू केलं. मकरंदने ते स्टेजखाली, तोंडात टॉर्च धरून ऐकलं. फळ्यांच्या फटीतून त्याला दिसल्या फक्त तिच्या चपला.

गीत संपल्यावर चपला खाली उतरल्या. "मीच फेकलं ते," संहिता मुसमुसली. "म्हटलं, झुरळच नसलं तर तू बसशील."

मकरंद कपड्यांवरची जाळी न झटकता तडक गेटवर गेला. "अण्णा, एक झुरळ कमी भरतंय. काय शिक्षा असेल ती मला द्या."

नागनाथअण्णा बघतच राहिला. "अय्यय्यो! ते तुमच्या धर्मातलं नव्हतं? तुम्ही एवढं जपून मांडता, म्हणून सहा महिने आम्ही झाडूच लावला नाही, सार्! पोरांची कवायतसुद्धा बाहेर उन्हात घेतोय. कुणाच्या श्रद्धेवर पाय पडायला नको."

मकरंदला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं, ते थांबेचना. मागोमाग आलेल्या सुलभाताई मात्र गंभीर झाल्या. "म्हणजे शाळेने आपल्या भावना जपल्या. आता त्यांच्या भावना आपण नको जपायला? ताबडतोब दुसरं झुरळ बघा."

"मी राजीनामा देतोय, ताई."

पुढच्या रविवारी मकरंद सहकुटुंब पहिल्या रांगेत बसला. संहिताने तेच गीत पुन्हा म्हटलं, त्याने ते डोळे मिटून ऐकलं. मागे चाळणीची खसखस चालू नव्हती, कारण विभाग रिकामा होता.

फार दिवस नाही. मीटिंग झाली आणि नवीन कुटुंब एकमताने ठरलं. रविवारी सकाळी सातला या, डबी सोबत आणा. तुम्ही मीटिंगला नव्हता ना?