एक भिंत, दोन वर्गण्या

दातांच्या डॉक्टरांच्या घरी एक नियम होता. जेवताना कमिटीचा विषय काढायचा नाही. डॉक्टर उन्हाळी सिनेमा कमिटीचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, भिंतचित्र कमिटीच्या. मागच्या वर्षी दोघं एकाच रविवारी एकाच गल्लीत वर्गणी मागायला गेले होते. गल्लीतल्या लोकांनी डॉक्टरांना "आत्ताच बाई येऊन गेल्या" आणि बाईंना "आत्ताच डॉक्टर येऊन गेले" असं सांगून दोघांनाही हात हलवत परत पाठवलं. त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर जे काही झालं, त्यानंतर डॉक्टरांच्या आईनेच हा नियम घालून दिला. तेव्हापासून घरात शांतता होती आणि कुणाला कुणाचं काही ठाऊक नव्हतं.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी उघड्यावर फुकट सिनेमा दाखवायचं ठरवलं. सुट्टीत पोरं घरात दंगा करतात आणि मोठी माणसं त्यांच्यावर ओरडून दमतात, तेव्हा एक संध्याकाळ तरी सगळ्यांनी एका दिशेला तोंड करून गप्प बसावं, हा त्यांचा साधा हेतू. वाचनालयाची मागची भिंत त्यांनी हेरून ठेवली होती. रुंद, सपाट, एकही खिडकी नाही. पडदा भाड्याने आणण्याऐवजी त्यांनी वर्गणीतून भिंतीलाच पांढराशुभ्र रंग लावून घेतला, प्रोजेक्टरवाल्याला शनिवारची संध्याकाळ सांगितली आणि दंतवैद्यांच्या संमेलनाला परगावी निघून गेले.

बाईंचं काम जुनं होतं. हे गाव वसण्याआधी नदीकाठी दुसरीच माणसं राहत होती. त्यांचे वंशज अजून वरच्या अंगाला, डोंगराकडे राहतात आणि घराच्या भिंतींवर चित्रं काढतात. गावात मात्र एका बसथांब्याच्या नावापलीकडे त्यांची काही खूण उरली नव्हती. "मुलांना मी नदीची लांबी पाठ करून घेते, पण तिला पहिल्यांदा हाक कुणी मारली ते सांगत नाही," असं म्हणून बाईंनी रोपं विकून, जुनी पुस्तकं विकून पैसे उभे केले आणि त्या माणसांतल्याच एका नावाजलेल्या चित्रकार ताईंना बोलावलं. ताईंनी दूरदूरच्या स्टेशनांच्या आणि इस्पितळांच्या भिंती रंगवल्या होत्या. त्यांची तारीख मिळता मिळता बाईंच्या नाकी नऊ आले होते.

ताई आल्या, भिंत पाहिली आणि खूश झाल्या.

"फार छान तयार करून ठेवलीत हो. बाकी ठिकाणी मला आधी जाहिराती खरवडाव्या लागतात."

बाईंना वाटलं, वाचनालयाने केलं. त्यांनी ग्रंथपालांचे आभार मानले. ग्रंथपालांना कशाबद्दल ते कळलं नाही, पण आभार नाकारायची त्यांना सवय नव्हती.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर स्टेशनवरून थेट वाचनालयात आले. मागच्या अंगणात माणसं चटया आणि घडीच्या खुर्च्या घेऊन जागा धरत होती. प्रोजेक्टरवाला टेम्पोतून यंत्र उतरवून, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत होता.

"डॉक्टर, पिक्चर लावायचा कुठे?"

भिंतीवर जागाच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नदी वळत गेली होती. तिच्यात मासे, काठावर हरणं, हात धरून चाललेली माणसं आणि मधोमध पाठीवर मोठी टोपली घेतलेली एक म्हातारी. ताई शिडीवरून उतरून ब्रश धूत होत्या. शेजारी बाई अभिमानाने उभ्या होत्या.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले.

"भिंतचित्र. उद्या सकाळी उद्घाटन आहे. आणि हे काय आहे?" बाईंनी प्रोजेक्टरकडे बोट केलं.

"सिनेमा. आज आहे. माझ्या भिंतीवर!"

"तुमची भिंत?"

"पांढरी कुणी केली मग?"

दोघांनी एकदमच ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपाल दोन पावलं मागे सरकले.

"परवानगी मागायला आधी डॉक्टर आले, मग बाई आल्या. मला वाटलं, नवराबायको एकच काम दोनदा सांगतायत. आमच्या घरी तसंच असतं."

पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेल्या डॉक्टरांच्या आई शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी दोघांनाही वर्गणी दिली की."

"आई! मग बोलला का नाहीत?" बाई म्हणाल्या.

"माझ्या लक्षात आलं तेव्हा आपण जेवत होतो."

तोवर अंगण भरलं होतं, आणि फुकट कार्यक्रमाला आलेला माणूस पैसे भरून आलेल्या माणसापेक्षा जास्त तक्रार करतो, हे प्रोजेक्टरवाल्याला अनुभवाने ठाऊक होतं. "चादर बांधा," तो म्हणाला. "पण पटकन."

समोरच्या घरांतून चादरी आल्या. पांढरी एकही नाही. कुणाच्या चादरीवर गुलाब, कुणाच्या चौकटी, एकीवर तर मोटारगाड्या. गल्लीतल्या शिंप्याने उभ्या उभ्या टाके घालून चार चादरी एकमेकींना जोडल्या. एक दोरी दिव्याच्या खांबाला, दुसरी झाडाला बांधून तो पडदा भिंतीपुढे टांगला.

"भिंतीपासून लांब ठेवा हं," ताई म्हणाल्या. "खालचा रंग अजून ओला आहे."

"काळजीच करू नका," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं की त्यांचे पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरतात. दिवस मावळता मावळता वारा सुटला. चादर आधी पोट सुटल्यासारखी पुढे फुगली, मग मागे गेली आणि चपकन भिंतीला चिकटून बसली.

डॉक्टर धावले आणि त्यांनी चादरीचं टोक धरलं.

"ओढू नका!" ताई ओरडल्या.

त्यांनी तोवर ओढली होती. चादर सुटली. गुलाबांच्या मधोमध एक सुबक कासव उमटलं होतं. भिंतीवरच्या कासवाला मात्र पाठच उरली नव्हती. चार पाय आणि एक मान, बस्स.

बाईंचे डोळे भरून आले. डॉक्टर हातात चादर धरून उभे राहिले. तोंडातून 'सॉरी' काढायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा नुसती हवाच आली. ताई भिंतीजवळ गेल्या, वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. अंधारत चाललं होतं.

"मला दिसत नाहीये. जरा उजेड पाडता का इकडे?"

प्रोजेक्टरवाल्याने झटक्यात दिवा लावला. पांढरा झोत भिंतीवर पडला आणि इतका वेळ खुर्च्यांवरून कुरबुर करणारी माणसं गप्प झाली. चित्र सगळ्यांच्या समोर होतं, पण नीट कुणी पाहिलंच नव्हतं. ताईंनी ब्रश घेतला आणि कासवाची पाठ पुन्हा भरायला बसल्या.

मागून गॅरेजवाल्याने विचारलं, "ताई, त्या म्हातारीच्या टोपलीत काय आहे?"

"नदी," ताई मागे न वळता म्हणाल्या.

"टोपलीत नदी?"

"मग कशात नेणार? तिच्याकडे टोपलीच होती."

"आणि तो बगळा असा घाबरलेला का?"

"घाबरलेला नाही, डॉक्टरांसारखा उभा आहे."

अंगण हसलं. डॉक्टरही हसले, कारण हसण्यासारखंच उभे होते ते. मग ताई काम करता करता सांगू लागल्या. फार पूर्वी नदी डोंगरातच असायची. एका म्हातारीने ती टोपलीत भरली आणि निघाली. टोपली गळायची. म्हातारी पाय दुखला की दिशा बदलायची, म्हणून नदीला इतकी वळणं. मागे कासव लागलेलं. "आजी, कुठे नेतेस?" म्हातारी म्हणाली, "जिथे कुणी प्रश्न विचारत नाही तिथे." कासव म्हणालं, "मग मीही येतो, तिथे प्रश्न विचारायला कुणीतरी लागेल."

पोरं पुढे सरकत सरकत ताईंच्या पाठीपर्यंत आली. आईंनी खुर्चीच उचलून पुढे आणली.

"आणि चालता चालता म्हातारी इथे आली," ताईंनी ब्रशने जमिनीकडे खूण केली, "या जागेवर. टोपली खाली ठेवली. कासवाला म्हणाली, तुला एक गोष्ट सांगते, कुणाजवळ बोलू नकोस."

ताईंनी कासवाच्या पाठीवर शेवटचा ठिपका दिला आणि त्या उठल्या.

"पुढे?" अंगणातून आवाज आला.

"पुढचं थंडीत."

"म्हणजे?"

"आमच्यात या गोष्टीचा शेवट उन्हाळ्यात सांगत नाहीत. आत्ता कासवं जागी असतात. त्यांच्याबद्दल काय बोललं जातंय ते ऐकतात आणि रागावतात. थंडीत ती झोपली की सांगायचं."

एकच गोंधळ उडाला. हळू सांगा, कानात सांगा, नदी लांब आहे, असे नाना तोडगे निघाले. ताई बधल्या नाहीत. प्रोजेक्टरवाल्याने शेवटी चादर दूर सरकवून सिनेमा लावला. नायकाच्या गालावर गुलाब आणि कपाळावर उलटं कासव. पण पाहतंय कोण? सगळे खुर्च्या फिरवून म्हातारी काय बोलली असेल यावर वाद घालत होते. "आवाज कमी कर रे," गॅरेजवाला ओरडला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच प्रोजेक्टरवाल्याने सिनेमा मध्येच बंद केला आणि स्वतःही वादात जाऊन बसला.

उद्घाटन रीतसर झालं. थंडीतल्या कार्यक्रमासाठी घोंगड्या आणि शेकोटी लागणार म्हणून बाईंनी तिथेच डबा फिरवला, तर तो पहिल्या फेरीत भरला. दोन्ही कमिट्यांची मिळून एक कमिटी झाली. डॉक्टरांच्या दवाखान्यात मात्र दातांपेक्षा म्हातारीचीच चौकशी जास्त होऊ लागली. स्वतः डॉक्टरही कासावीस झाले होते. पण कासवाची पाठ सोलून काढणाऱ्या माणसाने कोणत्या तोंडाने विचारायचं?

आणि एका सकाळी ताईच गाल धरून दवाखान्यात आल्या. अक्कलदाढ. डॉक्टरांनी जीव ओतून काम केलं. इंजेक्शन दिलं, दाढ काढली, कापूस ठेवला. पैसे घ्यायला साफ नकार दिला. मग हळूच, हात पुसत म्हणाले, "ताई, इथे कासव नाहीये. दारही बंद आहे."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू आलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या सांगू लागल्या.

"म्हाहाई म्हआई, हाहवा, ही अही हो हे..."

डॉक्टर जवळ वाकले. ताईंचा अर्धा चेहरा बधिर होता आणि तोंडात कापूस. पण त्या रंगात आल्या होत्या. हातांनी टोपली उचलत होत्या, खाली ठेवत होत्या. एका ठिकाणी तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या मोठ्याने हसल्या. डॉक्टरही हसले. कशाला ते त्यांना कळलं नाही. शेवटी ताईंनी ओठांवर बोट ठेवलं, डॉक्टरांचा हात हातात घेऊन 'कुणाला सांगायचं नाही' अशी खूण केली आणि निघून गेल्या.

बाहेर बाकावर सहा पेशंट बसले होते आणि शेजारी घरून धावत आलेल्या बाई उभ्या होत्या.

"सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं," डॉक्टर म्हणाले.

"सगळं?"

"अथपासून इतिपर्यंत."

"मग? काय म्हणाली म्हातारी?"

डॉक्टरांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "वचन दिलंय," ते गंभीरपणे म्हणाले.

त्या दिवसापासून डॉक्टरांचा गावातला मान वाढला. रस्त्यात माणसं थांबून त्यांच्याकडे आदराने बघू लागली. शेवट ठाऊक असलेला गावातला एकमेव माणूस! गॅरेजवाल्याने तर त्यांच्या गाडीचं काम फुकट करून देऊ केलं. डॉक्टर कुणाला बधले नाहीत. फक्त ऐन उन्हाळ्यात, घाम पुसत, ते रोज वाचनालयात जायचे आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ग्रंथपालांना हळूच विचारायचे,

"काय हो, यंदा थंडी जरा लवकर पडेल का?"