साडेसातचा फोन

इंगळेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी कंप्युटरचा पडदा बघतात, मग माणसाचं तोंड. पडद्यावर विंडोज दिसलं की "बरबाद" म्हणतात आणि नंतर तब्येत विचारतात.

जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांना विंडोजऐवजी फुकटात चालणारं लिनक्स भेटलं आणि आमच्या गल्लीची झोप उडाली. अमरावतीत माझं टायपिंगचं दुकान. नापिकीची वाईट वर्षं होती ती. मोर्शी-तिवशाकडची माणसं मदतीचे अर्ज टाइप करून घ्यायला रांग लावून उभी असायची, वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि त्या गर्दीत काका माझ्या खुर्चीमागे येरझारा घालायचे. बसायचे कधीच नाहीत.

"विंडोज म्हंजे पावना. घडीघडी इचारते, हे करू का, ते करू का. लिनक्स घरचा माणूस हाये, गुमान काम करते."

"पण काका, माझे मराठी फॉन्ट त्यात चालत नाहीत."

"मंग फॉन्ट बदल."

शेवटी तह झाला. कोपऱ्यातला सर्व्हर लिनक्सवर, समोरचे तिन्ही डेस्कटॉप विंडोजवर. सर्व्हर खरंच कुरकुर न करता चालला, पण हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

संध्याकाळचे साडेसात वाजायला आले की मात्र काका कुठूनही घरी पळायचे. काकू गेल्यापासून ते एकटेच. पुण्याहून मुलीचा, सुषमाचा, तेव्हा फोन यायचा. तिच्या कंप्युटरवर त्यांनी स्वतः लिनक्स बसवून दिलं होतं. सकाळी आम्हाला अहवाल मिळायचा, "काल पोरीच्या फायली सापडत नव्हत्या. फोनवरूनच काढून देल्ल्या."

एकदा मी पुण्याला निघालो तेव्हा त्यांनी माझ्याजवळ तिच्यासाठी संत्री दिली. तिच्या घरात शिरलो आणि सवयीने आधी पडदाच बघितला. विंडोज.

"ऑफिसच्या कामाले हेच लागते, दादा," ती ओशाळून म्हणाली. "बाबाले सांगू नका. तब्येत इचारली का 'बरी हाये' म्हणून फोन ठेवतेत. कंप्युटर बिघडला म्हटलं का अर्धा तास बोलतेत."

काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. पण काकांचा सकाळचा अहवाल ऐकताना त्यांच्या नजरेला नजर देववेना.

मग एका संध्याकाळी काका आले, दार लोटून घेतलं आणि चक्क स्टुलावर बसले. खिशातून वही काढली.

"विंडोजमदे प्रिंटर अडकला तं काय करा लागते? एकेक सांग, लिहून घेतो."

"पोरगी फोनवर जे वाचून दाखोते ना, ते लिनक्सच्या पडद्यावर येतच नाही. मले कवाचंच मालूम हाये. आतल्या खोलीत एक विंडोज आणून ठेवलं, त्याच्यावर शिकून तिले सांगतो. हे प्रिंटरचं नाही जमून राहिलं."

"मग तुम्हाला माहीत आहे, हे तिला सांगितलं का नाही?"

काकांनी वहीतून मान वर केली नाही. "मंग पोरगी फोन कायले करन?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात झाले होते. मी भराभर सांगू लागलो.