विद्यार्थिनी क्रमांक एकसष्ट

अध्ययन निष्पत्ती मोजण्यात आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा हात धरणारं कुणी नाही! निष्पत्ती म्हणजे विषय शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, त्याचं एक वाक्य. 'त्याला समजेल' असं लिहून चालत नाही. समजलेलं कुणाला दिसतं? 'करून दाखवेल' असंच लिहायचं. मग रुब्रिक, म्हणजे तीन पातळ्यांचा तक्ता. मग पुरावा. आणि नाहीच जमलं, तर उपाययोजना.

तपासणी समिती यायची होती. मान्यता गेली तर आमचा विभागच बंद! विभागप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"सर, माझ्यावर सोडा!" मी म्हटलं आणि क्लार्कला बजावलं, "माझ्या 'पुरावे' फोल्डरमधलं सगळं छापा. एक कागद सुटता कामा नये!"

त्याने एकही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष फाईल चाळता चाळता थांबले.

"मॅडम, विद्यार्थी साठ ना? मग ही एकसष्टावी कोण? नाव नुसतंच 'आई'?"

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांची जुनी स्कूटर आई रोज पुसायची. एके दिवशी म्हणाली, "मला शिकव." मी शिकवायला लागले, आणि हात शिवशिवले म्हणून तिचाही तक्ता करून त्याच फोल्डरमध्ये ठेवला.

अध्यक्ष मोठ्याने वाचू लागले. "निष्पत्ती: विद्यार्थिनी घरापासून लेकीच्या कॉलेजपर्यंत स्कूटर चालवून दाखवेल. प्रयत्न तिसरा: कुंपण पडले. प्रयत्न पाचवा: शेजाऱ्यांचेही पडले. उपाययोजना: हेल्मेट सैल होते, आत फडके घातले. शिक्षिकेने ओरडणे थांबवले."

विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

"सर, ते चुकून..."

"चुकून? अहो, बाकीचे साठच्या साठ पहिल्या फटक्यात तिसऱ्या पातळीवर! खरा पुरावा हा एवढाच दिसतोय. बोलवा यांना. यांनी करून दाखवलं, तर तुमच्या मोजमापावर विश्वास ठेवू."

फोनवर आई म्हणाली, "अगं, आजच परीक्षा? आधी नाही का सांगायचं! निघालेच."

रस्ता दहा मिनिटांचा. पाऊण तास झाला. समिती खिडकीला नाकं लावून उभी. आधी हॉर्नचा कल्लोळ ऐकू आला, मग आई दिसली. पाठ ताठ, वेग गोगलगायीचा, आणि मागे शेपटासारख्या दोन बस, एक ट्रक आणि पाण्याचा टँकर!

"अहो, दुसरा गिअर टाका की!" अध्यक्ष खिडकीतून ओरडले.

"तो हिने शिकवलाच नाही!" आई खालून ओरडली.

खरं होतं. बाबा दुसऱ्या गिअरमध्ये आमच्या गल्लीत वळायचे. तो आवाज आला की मी दार उघडायला जायचे. तो मला इतक्यात ऐकायचा नव्हता.

अध्यक्ष स्वतः खाली उतरले आणि दोन मिनिटांत त्यांनी दुसरा गिअर शिकवला. आईने मैदानाला फेरी मारली. मी खिडकीतच उभी राहिले. आवाज तोच होता.

मान्यता मिळाली! फाईलवर शेरा आहे: 'विद्यार्थिनी पातळी तीन. शिक्षिका पातळी एक. उपाययोजना करावी.'

"ती मी बघते," आई म्हणाली. तिने स्वतःला नवं हेल्मेट घेतलं आणि बाबांचं माझ्या डोक्यावर ठेवलं. "बस मागे."

रोज बसते. हेल्मेट मलाही सैल होतं!