गिरावीन येथील उत्खननाबाबत

माझी बायको यामिनी हिला पदवीसाठी एकशेवीस तास खणायचं होतं. त्याला इलाज नव्हता. सॉफ्टवेअर टेस्टिंगची चांगली नोकरी सोडून ती पुरातत्त्व शिकत होती आणि शेवटचा विषय होता सायप्रस बेटावरचं उत्खनन शिबिर. पण साल २०२१. ऑस्ट्रेलियाबाहेर पडायलाच सरकारची परवानगी लागत होती. आम्ही रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, "दोन हजार वर्षं जमिनीत असलेली वस्तू तातडीची असल्याचं दिसून येत नाही."

मग युनिने, म्हणजे युनिव्हर्सिटीने, शिबिर ऑनलाइन घेतलं. ज्याने त्याने आपल्या बॅकयार्डमध्ये एक मीटरचा चौकोनी खड्डा खणायचा, सायप्रस समजून. सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या आमच्या बॅकयार्डमध्ये, जुलैच्या थंडीत यामिनी दहा दिवस गुडघे टेकून ब्रशने माती झाडत होती. अकराव्या दिवशी सुपारी निघाली. मग हळकुंड, दोन नाणी आणि अर्धवट विरघळलेली मातीची सोंड.

"अगं, हा आपलाच बाप्पा!" मी म्हणालो. "गेल्या वर्षी कोरोनामुळे बादलीत विसर्जन केलं, ती माती मीच पुरली इथे."

"इथेच? अख्खं अंगण मोकळं होतं ना रे!"

तिने प्रामाणिकपणे कळवलं. पण फॉर्ममध्ये वस्तूचं वय पन्नास वर्षांहून कमी टाकताच येत नव्हतं, म्हणून पन्नासच पडलं. प्रोफेसरबाई झूमवर हरखल्या. "धार्मिक अवशेष! आता काम बंद. संबंधित समाजाची संमती हवी."

"समाज मीच," मी म्हणालो. "पुरलंय मीच."

"तुम्ही नवरा आहात. तुमची साक्ष निःपक्षपाती धरता येत नाही."

पाच कुटुंबांच्या सह्या मागितल्या. मजकूर एवढाच : 'आम्हीही विसर्जनाची माती अशीच जमिनीत पुरतो.' शुक्रवारपर्यंत. नाहीतर तास शून्य, पदवी नाही. "नो वरीज," असंही त्या म्हणाल्या.

आम्हाला हायसं वाटलं. इथल्या मराठी मंडळात सव्वाशे कुटुंबं, पाच सह्या म्हणजे किस झाड की पत्ती! झूमवर तातडीची सभा झाली. अध्यक्ष मुरलीधरकाका भडकलेच.

"बाप्पाला खोरं लावलंत? परदेशात आपणच संस्कृती जपायची नाही, तर कुणी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"चुकलंच काका," यामिनी म्हणाली. "पण सही तेवढी करा. तुम्ही कुठे पुरलात गेल्या वर्षी?"

काका म्यूटचं बटण शोधू लागले. ते सापडायच्या आत शेजारी बसलेली त्यांची नात म्हणाली, "वुई पुट हिम इन द रेड गार्बेज बिन. आजोबा पुट पिझ्झा बॉक्सेस ऑन टॉप."

पेंडल हिलच्या चित्रलेखाताईंचा कॅमेरा बंद पडला. हॅरिस पार्कवाल्यांचं नेट गेलं. दोन मिनिटांत सभेत आम्ही दोघंच उरलो. यामिनी हमसून हमसून रडली. मला इतका संताप आला की लॅपटॉप आपटणार होतो.

युनिच्या अहवालाचा मसुदा आला आहे : 'सदर समाजात अशी प्रथा आढळत नाही.' अजून पाचही सह्या हव्यात, आज गुरुवार आहे. तुम्ही मघापासून काकांना हसताय, म्हणून विचारतो : तुमच्या घरची मूर्ती गेल्या वर्षी नक्की कुठे गेली?